पाटी आणि पट्टी

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाची मुद्रणप्रत)



संयोजकांनी मला ‘शेतीचं भवितव्य’ हा विषय सुचवला होता. भवितव्य सांगायला गावात जोशीबुवा आहेत. मी आपला माझ्या आवाक्यातला विषय मागून घेतला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वर्गात गणित शिकवायचे आणि सुट्टीत स्वतः तिफण धरायचे. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. तेव्हा आज मोजण्याबद्दलच बोलतो. धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्याला शेतात नेऊन काही दाखवायचं म्हणजे नक्की काय करायचं, एवढाच माझा विषय आहे.

याला आम्ही खात्यात शेतीदिन म्हणायचो. विद्यापीठाच्या भाषेत ती शिवारफेरी, अलीकडे शेतीशाळा, आणि पुढारी येणार असले की शेतकरी मेळावा. नावं बदलत गेली, मंडपवाला तोच राहिला. कार्यक्रमाचा साचाही तोच. दहाची वेळ, साडेअकराला पाहुणे, मग दीपप्रज्वलन, हार, नारळ, सहा जणांची मनोगतं. प्लॉट पाहायची वेळ येते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि जेवणाच्या रांगेत पत्रावळी वाजायला लागलेल्या असतात. ज्याच्यासाठी बोलावलं त्या पिकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, तीही बांधावरून.

मी तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या पट्ट्यात कृषी सहायक म्हणून काढली. असे शेतीदिन मी घेतलेत, म्हणून टीका करताना पहिलं बोट माझ्याकडेच वळवतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. जानेवारीचा महिना, ज्वारी हुरड्यात आलेली. रस्त्याच्या कडेला आमचा प्रात्यक्षिक प्लॉट. रंगवलेली पाटी होती. वाणाचं नाव, पेरणीची तारीख, खताची मात्रा, अपेक्षित उत्पादन, सगळं सुवाच्य अक्षरात. कणसं अशी की बघत राहावं. मी तासभर बोललो. एक म्हातारबाबा प्लॉटमध्ये शिरले, वाकून ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं, मग पलीकडच्या विहिरीकडे आणि तिच्यावरच्या पाइपाकडे पाहिलं. म्हणाले, “सायेब, ह्यो तुकडा उचलून माझ्या माळावर नेता येतो का?” लोक हसले. मी चिडलो. पण म्हातारबाबांचं बरोबर होतं. त्या प्लॉटला आम्ही दोन संरक्षित पाणी दिली होती आणि पाटीवर पाण्याचा उल्लेख नव्हता. कोणी लपवायला सांगितलं नव्हतं. रकानाच नव्हता, म्हणून लिहिलं नाही. पुढच्या हंगामात त्या गावात आमची पद्धत दोघांनी उचलली. दोघांच्याही शेतात विहीर होती.

त्या दिवसापासून माझं एक मत झालं, ते अजून बदललेलं नाही. प्लॉटला पाटी नसली तरी चालेल, शेजारी पट्टी पाहिजे. पट्टी म्हणजे त्याच शेतात, त्याच मातीत, त्याच पावसावर, शेतकऱ्याच्या नेहमीच्या पद्धतीने केलेली चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी. नवं बियाणं चांगलं की वाईट हे एकट्या प्लॉटवरून कधीच कळत नाही. कशाच्या मानाने चांगलं, हे दिसावं लागतं. आणि ज्या वर्षी आपली पट्टी शेतकऱ्याच्या पट्टीपेक्षा मागे पडेल, त्या वर्षी शेतीदिन रद्द करायचा नाही. त्या वर्षी तर तो घ्यायलाच हवा.

बियाण्याच्या आणि औषधांच्या कंपन्याही शेतीदिन घेतात. टोपी, जेवण, कधी छत्री. त्यांना शेजारी पट्टी ठेवायची गरज वाटत नाही, आणि त्यांचं मी समजू शकतो. त्यांना माल विकायचा असतो. आम्हाला काय विकायचं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. रब्बी ज्वारीचा वाण मातीच्या खोलीवर ठरतो. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माऊली, ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा आपली मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल काळीला फुले वसुधा, फुले यशोदा. ही शिफारस राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांची. मला ती तोंडपाठ होती. पण एकाच गटात बांधाकडून ओढ्याकडे जाताना तिन्ही प्रकारची माती लागते, हे मी कधी दाखवलं नव्हतं. आमचे प्लॉट नेहमी रस्त्याकडेच्या खोल काळीत, कारण पाहुण्यांच्या गाड्या तिथपर्यंत जातात. मुरमाड माळ असलेला माणूस यायचा, पाहायचा, मान डोलवायचा आणि घरी जाऊन जे करत होता तेच करायचा. यात त्याचं अज्ञान काही नव्हतं.

पुढे आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला की लोकांना पहार घेऊन बोलवायचं. शेतात दहा ठिकाणी पहार ठोकायची. मुरूम लागला की ‘टण्ण’ आवाज येतो. तिथे पहारीला खडूची खूण करायची आणि टेपने मोजायचं. दहा आकडे वहीत उतरवले की शेताचा नकाशाच तयार होतो. शेताचा मालक स्वतःच म्हणतो, “वरल्या अंगाला मालदांडी पेरून मी उगाच बी वाया घालवत होतो.” यात माझं भाषण पाच मिनिटांचं. बाकी पहारच बोलायची.

दुसरं मोजमाप ताटांचं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर धरलं तर एकरात साधारण ६०,००० ताटं बसतात, म्हणजे गुंठ्याला १,५००. शेतीशाळेत दोरी लावून एक गुंठा आखायचा, चौघांनी मिळून ताटं मोजायची. कुठे आठशे भरतात, कुठे अडीच हजार. जिथे आठशे, तिथे पुढचा प्रश्न आपोआप येतो: बी उगवलं नाही, की खोडमाशीने पोंगेमर केली? पेरणी १५ सप्टेंबरच्या आधी उरकणाऱ्याच्या शेतात पोंगेमर जास्त सापडते, हे मग कोणी सांगावं लागत नाही. जिथे अडीच हजार, तिथे विरळणी केलेली नसते. कारण उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही. त्या दाटीतली कणसं आणि नीट अंतरावरची कणसं एकाच काट्यावर ठेवली की हात धजतो.

कोळपणीचंही तसंच. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, हे आमच्या भागात पोराटोरांना माहीत आहे. पण पहिली फटीच्या कोळप्याने, दुसरी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी, जमिनीला भेगा पडायला लागल्यावर, दातेरी कोळप्याने, हा क्रम शेतात कोळपं धरूनच कळतो. फळ्यावर काढलेलं कोळपं मी पुष्कळांना दाखवलंय. एकालाही त्यावरून कोळपता आलेलं नाही.

आता जरा मागे जातो, कारण हे काही माझं शहाणपण नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारला केलेल्या सूचनांमध्ये एक अशी आहे की दरवर्षी श्रावणात प्रदर्शनं भरवावीत, आणि आश्विनात शेतातल्या पिकांच्या आणि औतं हाकण्याच्या परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत. परीक्षा पिकाची आणि औत हाकण्याची, भाषणाची नव्हे. आणि महिना आश्विन, म्हणजे पीक उभं असताना.

नेमकं हेच आम्ही विसरलो. आमचा शेतीदिन पीक ठरवत नाही, मार्चअखेर ठरवते. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे. एका वर्षी मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ज्वारीचा शेतीदिन घेतलाय. ज्वारी केव्हाच काढून झाली होती. ऐंशी माणसांना मी धसकटं दाखवली. फोटोही निघाले.

शिवाय ज्वारी एका दिवसात पाहून होत नाही. हुरड्यात देखणी दिसणारी ज्वारी दाणा भरताना ओल तुटली की खडखड्या रोगाने आतून पोकळ होते आणि वाऱ्याच्या झुळकीने लोळते. जानेवारीत वाहवा करून गेलेल्या पाहुण्यांना फेब्रुवारीतलं ते लोळलेलं रान दिसत नाही. शेतकऱ्याला दिसतं. म्हणून मी म्हणतो, शिवारफेरी एकाच रानात तीनदा हवी: पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हुरड्याच्या वेळी आणि खळ्यावर. खळ्यावरची तर चुकवूच नये. तिथे काटा असतो आणि काट्यापुढे कोणाची भीड चालत नाही.

काट्यावर काय ठेवायचं, हाही एक प्रश्नच आहे. इथे मला थोडं थांबायचंय. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. ताट बुटकं, दिवस कमी, दाणे भरघोस. खरिपात तो पसरलाही. क्विंटल मोजणारे पुरुष खूश होते. पण परतीच्या पावसात सापडला की दाणा काळा पडायचा, कडबा निम्म्यावर यायचा, आणि घरात बाया म्हणायच्या, ‘हायब्रीड’ची भाकरी थापताना चिरते आणि दुपारपर्यंत तिचं खापर होतं. हे कुठल्याही अहवालात नव्हतं, कारण अहवालात भाकरीचा रकाना नव्हता.

उलट बाजूला आपली मालदांडी पाहा. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला हा वाण. त्याला आता नव्वद वर्षं होत आली. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यापेक्षा जास्त दाणे देणारे वाण मी स्वतः वाटले आहेत. ती हटली नाही, याचं कारण शेतकरी दाण्याबरोबर कडबाही घरी आणतो. कडब्याच्या पेंढीवर त्याची जनावरं उन्हाळा काढतात, आणि दुष्काळी सालात कधी कधी ज्वारीपेक्षा कडब्याचाच भाव बोलतो. आम्ही मात्र दाणे मोजायचो आणि मालदांडी पेरणाऱ्याला ‘पारंपरिक मानसिकतेचा’ म्हणायचो.

एका गावात मग महिला मंडळाच्या पुढाकाराने आम्ही खळ्यावरच चूल मांडली. चार वाणांचं पीठ चार डब्यांत, डब्यांवर फक्त आकडे. बायांनी भाकऱ्या थापल्या, संध्याकाळपर्यंत ठेवल्या आणि क्रम लावला. पहिल्या नंबरवर आलेला वाण दाण्याच्या उत्पादनात तिसरा होता. ती माहिती मी वरिष्ठांना लेखी कळवली. उत्तर आलं नाही. पण त्या गावाने पुढच्या वर्षी कोणतं बी ठेवायचं ते त्या तव्यावर ठरवलं.

बायांचा विषय निघालाच आहे तर भाताकडे वळतो. कोकण आणि मावळपट्ट्यात चारसूत्री भातलागवडीचा प्रसार झाला. भाताचा पेंढा किंवा तुसाची राख वापरणं, गिरिपुष्पाचा पाला चिखलात घालणं, ठरलेल्या अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचणं, ही ती चार सूत्रं. त्यातलं तिसरं आणि चौथं सूत्र हाताचं काम आहे. २५ आणि १५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा केलेली दोरी धरायची, खुणेवर चूड लावायची, आणि चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल एक गोळी दाबायची. पाण्याबरोबर खत वाहून जात नाही, कारण ते चिखलाच्या पोटात असतं. पद्धत चांगली आहे. पण तिची प्रशिक्षणं मी पाहिलीत ती पंचायतीच्या हॉलमध्ये, खुर्च्यांवर पुरुष बसलेले. आणि आषाढात पावसात वाकून लावणी करतात त्या बाया, अनेकदा शेजारच्या वाडीवरून मजुरीने आलेल्या. त्यांना अंगावर काम दिलेलं असतं. दोरीने वेग मंदावतो, मजुरी मात्र तेवढीच. मग दोरी बांधावर पडून राहिली तर दोष कोणाचा? प्रशिक्षण द्यायचं तर त्यांना, आणि त्या दिवसाच्या पूर्ण मजुरीसह, चिखलात उभं राहून.

जगात हे ज्यांनी नीट केलं त्यांत मी इंडोनेशियाचं नाव आधी घेईन. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं, आणि ते फवारणीनेच वाढत होते, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकूण औषधाने आधी मरायचे. १९८६ साली अध्यक्ष सुहार्तोंनी भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. पण हुकमाने शेतकऱ्याचा पंप खाली उतरत नाही. १९८९ पासून तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी, आठवड्यातून एक सकाळ, पीक हातात येईपर्यंत. सकाळी रानात जायचं, रोपं तपासायची, मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर रोपाचं चित्र काढायचं: एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक. फवारायचं की नाही, हे त्या कागदाभोवती बसून गटाने ठरवायचं. एका बाटलीत कोळी आणि तुडतुडे सोडून सकाळपर्यंत ठेवायचे. सकाळी उरलेले तुडतुडे मोजले की कोळ्याची बाजू मांडायला वकील लागत नाही. तज्ज्ञाचं काम एवढंच की ‘ही कुठली कीड?’ असं विचारलं तर नाव सांगायचं नाही, ‘कुठे सापडली? काय खात होती?’ असं उलट विचारायचं. आपल्याकडच्या साहेबांना हे सगळ्यांत जड जातं. मलाही गेलं.

आपल्याकडे काहीच झालं नाही, असं मात्र म्हणू नका. २००८ साली विदर्भात सोयाबीनवर अळीचा उद्रेक झाला, त्यानंतर क्रॉपसॅपच्या नावाने कीड-सर्वेक्षण आणि शेतीशाळा सुरू झाल्या. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली, ती देशालाच नवी होती. डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, ही खूण शेतकऱ्यांनी पोंगे उकलून उकलून पाठ केली. तेव्हा मंडपाला कोणाकडे वेळ नव्हता, म्हणून ती शिकवणी चांगली झाली, असं माझं निरीक्षण आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पैशाचा आहे. १९०३ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या टेरेल गावी सीमन नॅप या शेतीतज्ज्ञाने एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात प्रात्यक्षिक उभं केलं. कसायचं शेतकऱ्यानेच, सल्ला नॅपचा. त्या पहिल्या प्रयोगात एक गोष्ट होती, ती आपल्याकडे कोणी सांगत नाही. तोटा झाला तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी आधीच वर्गणी काढून ठेवली होती. आपल्याकडे १९६४-६५ मध्ये राष्ट्रीय प्रात्यक्षिकं सुरू झाली. त्या वेळी कृषिशास्त्रज्ञ स्वामीनाथनांचा आग्रह होता की ती लहान शेतकऱ्याच्या रानात व्हावीत, नाहीतर लोक म्हणतील की ही शेती नव्हे, श्रीमंती पिकली. आग्रह शंभर टक्के योग्य. पण लहान शेतकऱ्याच्या रानात प्रयोग करायचा तर त्याच्या चुकण्याची भरपाई कोण देणार, हेही आधी ठरायला हवं. चार तासांची पट्टी पडली तर सरकारचं काही बिघडत नाही. दोन एकरवाल्याच्या घरात त्या चार तासांत महिन्याची ज्वारी असते.

याच सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. कानिटकरांसारख्या संशोधकांनी बांधबंदिस्ती, खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी अशी पद्धत बसवली. शास्त्र चोख होतं, तरी ती फार पसरली नाही. कारण घालायचा पैसा आणि राबणूक डोळ्यांत भरण्यासारखी, आणि वाढीव दाणा मुठीत मावेल इतका. सोलापूरच्या शेतकऱ्याने तो हिशेब घातला आणि नाही म्हटलं. त्याचं नाही म्हणणं ऐकायला तेव्हा कोणी शेतीदिन घेतला असता, तर पुढची पुष्कळ वर्षं वाचली असती.

माझं घड्याळ अध्यक्षांकडे बघतंय, तेव्हा एक मागणी करून थांबतो. या व्याख्यानमालेच्या पुढच्या वर्षीच्या पुष्पासाठी हा हॉल घेऊ नका. जानेवारीत, ज्वारी हुरड्यात असताना, गावातल्या सर्वांत हलक्या रानात सगळ्यांना बोलवा. त्या रानाच्या मालकाला आधी विचारा, आणि पट्टी पडली तर काय द्यायचं ते वाचनालयाच्या वहीत आजच लिहून ठेवा. वर्गणीला पहिले पाचशे रुपये माझे. वक्ता आणू नका. दोन पहारी, मोजायची दोरी, ताणकाटा आणि एक तवा एवढं पुरे.